चाकोरीएवढी गाडी

९ जानेवारी १९७३

ही डायरी रिसोडच्या खतवाल्याने फुकट दिली. पहिल्याच पानावर बैलजोडीचं रंगीत चित्र. मी मोटार उभी करायला निघालोय आणि हा माझ्या हातात बैल देतो. ते पान फाडून चुलीत घातलं, मग जरा बरं वाटलं.

फौजेच्या वर्कशॉपात नऊ वर्षं फिटर होतो. दिवसभरात केलेलं काम संध्याकाळी लिहायचं, नाहीतर साहेब सगळ्यांसमोर सोलून काढायचा. फौज सुटली, खोड सुटली नाही. म्हणून लिहितो. कोणाला वाचून दाखवायचं नाही.

काम असं आहे. कामठीच्या फौजी लिलावातून आणलेला जीपचा सांगाडा, त्याला दुसऱ्या गाडीचे अ‍ॅक्सल, तिसरीची चाकं, आणि डांबराच्या पिपांचे पत्रे ठोकून केलेली बॉडी. या सगळ्यांची मिळून एक गाडी करायची. वैशाखात माझ्या बायकोचे, भागिरथाचे, दिवस भरतात. त्याआधी गाडी केनवडपर्यंत पळाली पाहिजे. केनवडहून रिसोडच्या दवाखान्यापर्यंत पक्का रस्ता आहे, तिथली काळजी नाही. काळजी आहे ती आमच्या गावापासून केनवडपर्यंतच्या कच्च्या वाटेची.

मागच्या खेपेला तिला बैलगाडीतून नेलं होतं. लढाई चालू होती, मला रजा नव्हती. थोरला भाऊ उकंडराव गाडी हाकत होता. वाटेतल्या नाल्यापर्यंतच पोचले. पोर गेलं. मला तार मिळाली तेव्हा मी एका ट्रकखाली आडवा होतो. तार वाचली, खिशात घातली आणि नट आवळत राहिलो. संध्याकाळी लिहिलं, क्लच प्लेट बदलली.

त्यानंतर फौजेत मन रमेना. सुटून आलो. यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

१६ जानेवारी

भागिरथा दुष्काळी कामावर नाव घालून आली. मला न विचारता! गावापासून केनवडपर्यंत सरकार पक्का रस्ता करणार म्हणे. पाचवा महिना सरत आलाय आणि ही उन्हात दगड फोडायला निघाली.

"काहून गेली होती तिथं?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? सारं गाव जाऊन राह्यलं."

"तुले घरात कायची कमी हाय?"

"रस्त्याची," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

तोंड वर करून बोलते. रस्ता! असले सरकारी रस्ते मी लहानपणापासून पाहत आलो. खडीचे ढीग पडतात, ढिगांवर गवत येतं, गवतावर शेळ्या चढतात. रस्ता तेवढा होत नाही. मी जेवलो नाही. नंतर भूक लागली तेव्हा गूळ-शेंगदाणे खाल्ले, पण तिला कळू दिलं नाही.

२३ जानेवारी

किसनसिंग आला होता. तांड्यावरचा, शाळेपासूनचा दोस्त. ट्रक चालवतो आणि मोटारीतलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. आज चाकांवरून जुंपली.

भांडण लिहून ठेवतो, म्हणजे कोण बरोबर होतं ते पुढे दिसेल. जीपच्या दोन चाकांत अंतर चार फूट आणि वर थोडं. आमच्या बैलगाड्यांचं साडेचार. इथली काळी माती पावसाळ्यात गाड्यांखाली दबते आणि उन्हाने तशीच वाळते, त्यामुळे वाटेवर वीतभर खोल चाकोऱ्या पडल्यात, दगडासारख्या कडक. जीपचं एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं मधल्या वरंब्यावर चढतं. गाडी तिरपी, पोट घासतंय, आणि आत बसलेली बाई एका अंगावर. मग बैलगाडी काय वाईट होती?

याला इलाज आहे. चाकाची मधली ताटली अ‍ॅक्सलच्या टोकाला, हबला, बोल्टने बसते. ती रिमच्या ऐन मध्यात नसते, एका बाजूला सरकवलेली असते. त्या सरकण्याला ऑफसेट म्हणतात. चाक सुलटं बसवलं तर रिम गाडीच्या पोटाकडे जाते, उलटं बसवलं तर तेवढीच बाहेर येते. मी चारही चाकं उलटी लावून पाहिली. अंतर बरोबर साडेचार फूट. चाकोरीत अशी बसेल की हात सोडून चालवा.

"बेरिंगचं वाटोळं होईन," किसनसिंग म्हणाला. "सारं वजन बाहेरून लटकते. स्टेरिंग हातात राह्यणार नाई. कंपनीवाले काय येडे हायेत?"

"कंपनीवाल्यायनं आपली चाकोरी पाह्यली काय?"

"अन रस्ता झाला तं?"

मी हसलो. हसलो म्हणजे रागाने हसलो. त्याची आई सोनीबाई त्याच कामावर टोळीची मुकादम आहे, म्हणून याला रस्त्याचं एवढं प्रेम.

८ फेब्रुवारी

पत्रे ठोकले. डांबर अजून सुटतंय, हात काळे. भागिरथाचे हात पांढरे, दगडाच्या भुकटीने. रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसलो की कोणी पाहिलं तर हसेल.

ती काहीतरी सांगत होती. केनवडच्या बाजूने काम सुरू झालंय, चाकोऱ्या फोडून बुजवतात, वर दगड बसवतात, त्यावर मुरूम. मी बारा नंबरचा पाना शोधत होतो. गल्लीतल्या पोरांनी नेला असणार. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ.

२० फेब्रुवारी

नवीन डोकेदुखी. चाकाच्या नटाचं तोंड निमुळतं असतं आणि ताटलीच्या भोकाला तसाच उतार एकाच बाजूने असतो. चाक उलटं केलं की नट नीट बसत नाही. मी दुसऱ्या बाजूने कानशीने उतार काढायला घेतला. हाताने. चार चाकांची सगळी भोकं.

किसनसिंग पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "देवमन, तू गाडी करून राह्यला का कोणाचा सूड घेऊन राह्यला?"

मी कानस फेकली. त्याला लागली नाही, पत्र्याला लागली. तो निघून गेला. जा म्हणावं.

७ मार्च

भागिरथा टोळी बदलून मागतेय. गावाजवळ सावलीत बसून खडी फोडायचं काम होतं तिला, पोटुशी बाई म्हणून हजेरी घेणाऱ्या मिस्तरीने दिलेलं. ते सोडून नाल्याकडच्या टोळीत, सोनीबाईच्या हाताखाली, नाव घाला म्हणते. नाल्याकडे झाड म्हणून एक बाभूळ, पाणी लांबून आणायचं, आणि टोपल्या वाहायच्या. मिस्तरी नाही म्हणाला तर त्याच्या मागे लागली.

"डोकं फिरलं काय तुह्यं?" मी म्हणालो.

"मले तिथंच पाह्यजे."

"काहून?"

तिने चुलीत लाकूड सारलं. बाईने अक्कल गहाण टाकली आहे. मी इथे कोणासाठी मरतोय? हिच्यासाठी. आणि ही रोज तंगडतोड करत त्या नाल्यापर्यंत जाते, जिथे मला कोणी पैसे दिले तरी मी जाणार नाही. गावाबाहेर कामासाठी जायचं तर मी शेतातल्या पायवाटेने जातो. जवळ पडते.

१९ मार्च

इंजिन लागलं! तिसऱ्या हँडलला. सगळी गल्ली जमा झाली. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता, म्हणून पाणी आलं.

भागिरथा कामावरून आली, डोक्यावरची चुंबळ काढली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मी वाट पाहत होतो. काहीतरी बोलेल.

"लय आवाज करते," ती म्हणाली, आणि घरात गेली.

एवढंच. दोन महिने मी घासतोय. मी इंजिन बंद केलं.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. गाडीला निळे झेंडे बांधले, मिरवणुकीच्या पुढे चालवली. पायी चालणाऱ्यांच्या पुढे चालवायची म्हणजे फर्स्ट गिअरमधूनच. तरी काय थाट होता! म्हाताऱ्या बाया पत्र्यावरून हात फिरवत होत्या. केनवडचे पाहुणे म्हणाले, अशी गाडी आमच्याकडे नाही. चाकं मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेली, त्यामुळे गाडी छाती काढून चालल्यासारखी दिसते. मला आवडतं तसं.

उकंडराव बाजूला उभा होता. जवळ आला आणि हळूच म्हणाला, "नाल्याकडं नेशीन तं सावकाश ने, बाबू."

"तू नोको सांगू मले," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. पडू दे. सणाच्या दिवशी मला कोणी शिकवायचं नाही.

१५ एप्रिल

मनगट सुजलंय, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी गाडी केनवडच्या वाटेला घातली. एकटाच. वेशीबाहेर चारही चाकं चाकोरीत उतरली आणि काय सांगू! रुळावर आगगाडी चालावी तशी चालली. ना तिरपी, ना पोट घासणं. स्टिअरिंग सोडून मी दोन्ही हात वर केले आणि एकटाच ओरडलो. किसनसिंग पाहिजे होता तिथे.

आणि मग नाल्याच्या अलीकडे चाकोरी संपली.

संपली म्हणजे नाहीच. पुढे सपाट. सुटी खडी पसरलेली, दोन्ही कडांना दगड उभे लावलेले. तीसेक बाया टोपल्या घेऊन रांगेत. गाडी खडीवर चढली आणि स्टिअरिंगने माझ्या मनगटाला असा झटका दिला की हाडापर्यंत कळ गेली. चाकं मडगार्डच्या बाहेर, त्यामुळे खडी उडायला लागली, दोन्ही बाजूंनी, गोफणीतून सुटावी तशी. बाया ओरडत पळाल्या. सोनीबाईच्या नडगीवर एक दगड बसला, रक्त आलं.

मी थांबलो, उतरलो. त्या म्हातारीला विचारायला पाहिजे होतं, लागलं का म्हणून. मी काय विचारलं? "चाकोरी कोणं बुजवली?"

मग एक हसली. मग सगळ्या हसायला लागल्या.

"कोणं बुजवली म्हंतो मी! मी तीन महिने मरून राह्यलो तिच्यासाठी! कोणाले इचारून बुजवली?"

रांगेतून भागिरथा पुढे आली. पोट एवढं पुढे, डोक्यावर भरलेलं टोपलं. तिने ते उतरवलंसुद्धा नाही.

"म्या बुजवली," ती म्हणाली. "रोज घरी येऊन सांगतो तुमाले. तुमी पाना शोधता."

इतक्या बायांच्या देखत! मी गाडीत बसलो, मागे घेतली. पुन्हा चाकोरीत उतरल्यावर ती शहाण्यासारखी चालायला लागली. म्हणजे गाडी बरोबरच आहे. रस्ता चुकला आहे.

१८ एप्रिल

भागिरथाशी बोलत नाही. तिलाही काही फरक पडलेला दिसत नाही.

किसनसिंग दारात येऊन उभा राहिला. "माह्या मायचा पाय सुजला," म्हणाला. मी म्हणालो, पाहायला येतो. तो म्हणाला, "येऊ नोको. चाकं सुलटी कर, बस." मी म्हणालो, नाल्याजवळचा तुकडा अजून तसाच आहे, तिथल्या चाकोऱ्या सगळ्यात खोल आहेत, तिथे काय करू? नाल्याचं पाणी रस्त्याखालून काढायला सरकारच्या सिमेंटच्या नळ्या यायच्यात, नळ्या आल्याशिवाय तो तुकडा भरत नाहीत. येतील का त्या? दहा वर्षं नाही येणार.

तो वळला. जाताना गाडीच्या चाकाला लाथ मारून गेला.

२९ एप्रिल

मडगार्ड वाढवले. पिपाचा आणखी एक पत्रा कापून दोन्हीकडे झालर लावली. आता खडी उडणार नाही. चाकं उलटीच आहेत आणि उलटीच राहतील. मी एकदा मोजून केलेलं काम लोक हसले म्हणून बदलणार नाही.

भागिरथाने काम सोडलं. आपणहून. दुपारी भिंतीला टेकून बसते आणि केनवडच्या बाजूला बघत राहते. मी म्हणालो, गाडी तयार आहे, भ्यायचं काही कारण नाही. ती म्हणाली, "मी कुठं भेतो."

९ मे

पुढचं उजवं बेरिंग गेलं. वाट आता गावापर्यंत खडीची झालीय, तिच्यावर चार फेऱ्या मारल्या तेवढ्यात. हब इतकं तापलं की हात लावला तर चामडी सोलली. चाक धरणारे दोन बोल्ट, स्टड, तुटले आणि मी कानशीने घासलेली भोकं लांबोळी झाली. गाडी गल्लीत आडवी उभी. पोरं तिच्यावर चढून भोंगा वाजवतात. भोंगा तेवढा चांगला वाजतो.

राग कोणावर काढू? बेरिंगवर काढला. हातोड्याने त्याचा चुरा केला. मग लक्षात आलं की नमुन्यासाठी ते अकोल्याला न्यायला पाहिजे होतं.

१० मे

किसनसिंगकडे गेलो. स्वतः. सोनीबाई दारात बसली होती, नडगीवर हळदीचा लेप. मला वाटलं हाकलून देईल. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "दगडासारखं तोंड करून कायले आला? बस."

किसनसिंगने एका शब्दाने टोचलं नाही. ते जास्त लागलं. तो म्हणाला बेरिंग आणि स्टड अकोल्यालाच मिळतील, दुसरी चाकंही एका भंगारवाल्याकडे पाहिलीत. "सुलटी लावायची ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. म्हणताना दात आवळले होते.

दिवस भरायला अजून वेळ आहे. सुईणही तेच म्हणाली. उद्या त्याच्याच ट्रकमधून अकोल्याला जातो.

१४ मे, रिसोड

दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. डायरी पिशवीत होती.

अकोल्यात सामान मिळायला दोन दिवस गेले. काल संध्याकाळी गावात पोचलो तर घराला कडी. गाडी विटांवर उभी, चाकं काढलेली, जशी सोडून गेलो होतो तशी. शेजारच्या वच्छलाने सांगितलं की सकाळीच कळा सुरू झाल्या, उकंडरावाने बैलगाडी जुंपली आणि घेऊन गेला.

बैलगाडी! आणि मी पुन्हा नव्हतो. पुन्हा! माझ्या हातात बेरिंग होतं, कागदात गुंडाळलेलं, नवंकोरं. ते मी भिंतीवर मारलं.

सायकलने केनवड, तिथून मिळेल त्या वाहनाने इथे. रस्ताभर कोणाकोणाला शिव्या दिल्या ते लिहीत नाही. सरकार, मिस्तरी, सुईण, अकोल्याचा दुकानदार, उकंडराव. कोणी सुटलं नाही.

उकंडराव इथे पायरीवर बसला होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो उठला नाही.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "दोघी बऱ्या हायेत. भागिरथाले टाके पडले, दहा-बारा रोज ठिवून घेणार म्हंतात."

मी तिथेच पायरीवर टेकलो.

"रस्ता झाला नं बाबू," तो म्हणाला. "बैल जसे काई वरातीत चालून राह्यले. पाण्याचा तांब्या ठिवला असता तं सांडला नसता. नाल्यापाशी तेवढं खराब होतं. तिथं सोनीबाईच्या बायायनं काम टाकलं, बाज आणली, तिले बाजीवर घेतलं अन खांद्यावरून पल्याड नेलं. म्या रिकामी गाडी काढली. मंग केनवडहून यष्टीत मागचं बाक दिलं कंडक्टरनं."

सगळं नीट झालं. माझ्याशिवाय आणि माझ्या गाडीशिवाय. आनंद झाला पाहिजे, झालाही आहे, पण आत कोणीतरी दात खातंय. मी कोणावर चिडायचं ते तरी कोणी सांगा.

भागिरथाला पाहिलं. पोरगी कुशीत, मुठी आवळलेली. भागिरथा म्हणाली, "तुमच्यावर गेली. येतानापासून चिडेल हाय."

२० मे

त्या दिवशी काम टाकून बाज वाहिली म्हणून मिस्तरीने त्या सगळ्या बायांची हजेरी कापली. सोनीबाईकडून कळलं. मी तडक मिस्तरीच्या तंबूत गेलो. टेबल उलटं केलं. त्याची दौत सांडली. चौकीदार धावत आला. मी म्हणालो, बोलव कोणाला बोलवायचं त्याला, तहसीलदाराला बोलव, मी त्यालाही हेच विचारतो. शेवटी हजेरी लावली.

पहिल्यांदाच राग कुठेतरी कामाला आला.

२६ मे

चाकं सुलटी. नवीन बेरिंग, नवीन स्टड. गाडी बारीक दिसते, आजारातून उठल्यासारखी. पण खडीवर बोटाने वळते. किसनसिंग शेजारी बसून केनवडपर्यंत आला आणि एकदाही काही बोलला नाही, फक्त विडी ओढत हसत होता.

भागिरथाला आणि पोरीला आणायला गेलो होतो. जाताना नाल्याजवळच्या तुकड्यात गाडी व्हायची तशीच झाली, एक चाक चाकोरीत, एक वरंब्यावर, पोट खरवडलं. तेवढ्याच तुकड्यात माझी उलटी चाकं बरोबर ठरली असती. हे मी येताना भागिरथाला सांगितलं.

"एवढ्याशा तुकड्यासाठी?" ती म्हणाली.

नाला आला आणि तिने थांबवायला सांगितलं. पोरीला घेऊन खाली उतरली.

"गाडी निघते इथून. म्या आत्ताच काढली. बस वर!"

"तुमी काढा. आमी पायी येतो."

"टाके हायेत तुले!"

"हायेत."

मी भोंगा वाजवला. वाजवत राहिलो. ती वळली नाही. बाभळीच्या बाजूने, वाट सोडून थोडा वळसा घेत, पोरीच्या तोंडावर पदर धरून सावकाश चालत पल्याड गेली आणि तिथे माझी वाट पाहत उभी राहिली. गाडी काढताना पत्रा फाटला.

२९ मे

नळ्या आल्या. दहा वर्षं लागली नाहीत.

सकाळी उठलो आणि सरळ नाल्यावर जाऊन हजेरीच्या रांगेत उभा राहिलो. माझी बायको या तुकड्यावर गाडीतून उतरते, तर हा तुकडा मीच भरतो. मिस्तरी माझ्याकडे पाहून दौत बाजूला सरकवत होता. नाव लिहून घेतलं. सोनीबाईने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि लोखंडी धुमस हातात दिलं, मुरूम ठोकून दाबायचं.

"लय राग हाय नं? घे. जिमिनीले लागत नाई."

दुपारपर्यंत ठोकलं. त्या खोल चाकोऱ्या, ज्यांची रुंदी मला झोपेतही पाठ आहे, दगडाखाली गेल्या. मग पुढचा भाग आखायला चुन्याची दोरी ताणलेली दिसली, आणि माझं डोकं पुन्हा भडकलं. दोरी वाकडी होती. नाल्यातून वर येताना सरळ जायच्या ऐवजी बाभळीजवळ सात-आठ हात बाहेर वळवलेली. भरलेली गाडी चढावर असल्या वळणातून ओढायची कशी? मी धुमस टाकलं आणि मिस्तरीला तिथूनच ओरडलो, ही दोरी कोणत्या आंधळ्याने ताणली?

मिस्तरी म्हणाला, मला विचारू नका, बायांनी ताणलीय.

मी दोरीचा खुंटा उपटायला वाकलो. सोनीबाईने माझं मनगट धरलं. म्हातारीची पकड पान्यासारखी.

"राहू दे तो," ती म्हणाली.

"काहून राहू दे? सरळ रस्ता सोडून—"

"सरळ गेला तं त्याच्यावरून जाते."

"कायच्यावरून?"

"तुले मालूम नाई?" तिने आवाज खाली आणला. "बाभळीच्या बुडाशी. तिथंच ठिवलं होतं ना त्याले. तुह्या भावानं खड्डा खांदला. भागिरथा पयल्या दिसापासून तेवढ्यासाठीच इथं आली. म्हणे, रस्ता करा, पण त्याच्यावरून नोको. मंग आमी दोरी सरकवली. मिस्तरीच्या पाया पडली ती."

मी खुंटा पुन्हा ठोकला. दगडाने ठोकला, घट्ट. मग धुमस उचललं आणि वळणाच्या कडेने ठोकत गेलो, दोरीच्या आतून एक वीतही नाही. मला कोणावर राग येत नव्हता, आणि त्याची मला भीती वाटत होती. गाड्यांची अंतरं मोजली, चाकोरी मोजली, चाकं सुलटी केली, उलटी केली, आणि या पाच महिन्यांत, त्याआधीच्या वर्षातही, ते पोर कुठे आहे हे मी तिला एकदा विचारलं नाही. उकंडरावालाही नाही. त्याने तो खड्डा एकट्याने खणला होता.

घरी आलो. हात धुतले. भागिरथा पोरीला पाजत बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, तेव्हा काय काय झालं ते सगळं सांग.

"आता इचारता?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं, भिंतीला डोकं टेकलं आणि सांगायला लागली. घरातून निघाले तिथपासून. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी ती सांगत होती, आणि मी मधे एकदाही बोललो नाही.